तारीख नसलेला राजीनामा

कामगार न्यायालयाच्या निकालाने कदम आज पुन्हा कामावर आला. कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने त्याला छेडले, "काय कदम, माहेरपण संपलं का?" कदम हसला. "संपलं बाबा. आता हक्कानं नांदायला आलोय," म्हणाला आणि त्याने जुनाच बिल्ला छातीला लावला.

मला त्याचा हेवा वाटला, खोटे कशाला बोलू? एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही एकाच दिवशी लागलो. तेव्हा दोघांपुढेही सहीसाठी राजीनामा ठेवला होता, तारखेची जागा कोरी. इथली ती रीतच. भाजीवाल्याचा हिशेब दोनदा करणारा मी, मुकाट्याने सही करून मोकळा झालो. कदम म्हणाला, "घरी वाचून आणतो." तो कागद त्याने कधी आणलाच नाही. म्हणूनच त्याला काढायला कंपनीला कारण शोधावे लागले आणि ते न्यायालयात टिकले नाही.

कदम आज चार मिनिटे उशिरा आला होता. साहेबांनी घड्याळाकडे पाहिले आणि पुन्हा फायलीत डोके घातले. माझा एकोणीस वर्षांत एकही उशीर नाही, आणि त्यांच्या कपाटातल्या माझ्या कागदावर फक्त तारीख घालायची बाकी आहे.