चिनी विमानातून उतरलेल्या पिनरच्या मावश्या

मी विमानातल्या सीट्स बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत इंजिनिअर आहे आणि माझ्या आईला हे कधीच पटलेलं नाही. "एवढं एरोस्पेस शिकून खुर्च्या करते," असं ती लंडनच्या पिनर उपनगरात आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. त्यामुळे नव्या चिनी प्रवासी विमानाच्या सीट्सचं काम आम्हाला मिळेल अशी चिन्हं दिसली, तेव्हा मी ते घरी जरा मोठ्या आवाजातच सांगितलं.

"चिनी विमान? इथे उडतं का ते?" आईनं विचारलं.

"अजून नाही. तिथे उडतं, तिथल्या सरकारचं सर्टिफिकेट आहे. युरोपचं मिळायचंय. आणि ब्रेग्झिटनंतर आपलं वेगळं."

"म्हणजे तीन-तीन परीक्षा. मग घेणार कोण?"

मी सांगितलं, की जगातल्या दोन मोठ्या कंपन्यांकडे विमानासाठी वर्षानुवर्षं ताटकळावं लागतं, त्यामुळे तिसरं दुकान उघडलं तर एअरलाइन्सना हवंच आहे. पण सर्टिफिकेट नाही, पार्ट्स कुठून येणार माहीत नाही, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार ठाऊक नाही, अशा परिस्थितीत पहिलं पाऊल कोणी टाकत नाही.

आई कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, हाउसिंग खात्यातून रिटायर झालेली. ती म्हणाली, "कळलं. वेटिंग लिस्ट लांबलचक आणि नवी बिल्डिंग इन्स्पेक्शनमध्ये अडकलेली."

यापेक्षा चांगलं मला आमच्या मीटिंगमध्येही कोणी समजावलेलं नाही.

दाराजवळच्या सीट्समध्ये किती अंतर ठेवावं, हे आम्हाला पाहायचं होतं. विमानाची निम्मी दारं बंद असली तरी सगळे प्रवासी दीड मिनिटात बाहेर आले पाहिजेत, असा नियम आहे. आमची ती खरी परीक्षा नव्हती, एका हँगरमध्ये उभ्या केलेल्या खोट्या केबिनमधली रंगीत तालीम होती, दाराबाहेर फुगवलेल्या घसरगुंडीऐवजी साधा जिना. पण तालमीलाही खरी माणसं लागतात, त्यात बायका हव्यात, पन्नाशी ओलांडलेले हवेत. आणि नावं आली होती ती सगळी विद्यार्थ्यांची. हे मी जेवताना गंमत म्हणून बोलले, ती माझी चूक.

रविवारी ईलिंगच्या हॉलमध्ये बुद्धवंदना झाल्यावर आई उभी राहिली. "पन्नाशीपुढच्यांचा कोटा नियमातच आहे," ती म्हणाली, "आणि तो रिकामा पडलाय. हा अनुशेष कोण भरणार?"

आमच्या समाजात असं विचारल्यावर कोणी बसून राहत नाही. हात भराभर वर झाले. पुढच्या आठवड्यात मी एक अख्खी बस भरून मावश्या घेऊन हँगरवर पोचले.

तिथला सुपरवायझर उंच, गंभीर इंग्रज होता. शेजारी चिनी कंपनीकडून आलेल्या बाई होत्या, आईच्याच वयाच्या इंजिनिअर, बारीक कापलेले केस, मोजकं बोलणं. मावश्या सीटवर बसल्या, पट्टे लावले, भोंगा वाजला. क्रूची बाई ओरडली, "पट्टे सोडा! बाहेर पडा!"

सगळ्या उठल्या, दारापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"ताई, तुम्ही आधी."

"छे छे, तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही व्हा पुढे."

"असं कसं? तुम्ही मोठ्या आहात."

मागे विद्यार्थ्यांची चेंगराचेंगरी झाली. विमानाला आग लागली आहे असं सगळ्यांना सांगितलेलं होतं. दारात मात्र वय, गुडघे आणि कुणाची सून आजारी आहे, याचा विचार चालला होता. सुपरवायझर स्टॉपवॉच बिघडलंय की काय अशा नजरेनं त्याच्याकडे पाहत होता.

"भांडण कशावरून चाललंय?" त्यानं मला विचारलं.

"आधी कोणी उतरायचं यावरून."

"कोणाला उतरायचंय?"

"कोणालाच नाही."

चिनी बाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. त्यांचं हसू थांबेना. "माझ्या आईकडे जेवायला बसताना असंच होतं," त्या म्हणाल्या. "तोवर सूप गार होतं."

सुपरवायझरनं ही फेरी वगळू या असं सुचवलं आणि तेवढंच आईच्या कानावर गेलं. "वगळू या?" तिनं आपल्या कौन्सिलच्या इंग्रजीत विचारलं. "नेमकं कोणाला?" तो बिचारा लाल झाला. त्याची सुटका चिनी बाईंनी केली. त्या शांतपणे म्हणाल्या, "ठेवा. आमचे प्रवासीही असेच थांबतील. हे आत्ताच कळलेलं बरं."

मग दुसऱ्या फेरीला क्रूच्या बाईला दारातच उभं केलं. थांबेल त्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि बाहेर लोटायचं, एवढंच तिचं काम. गर्दी भराभर मोकळी झाली. आई बाहेर आली ती चमकत्या चेहऱ्यानं. "ढकललं गं मला! काय छान ढकललं!" कित्येक वर्षांत तिच्याशी कोणी असं वागलं नव्हतं. सीट्स मागेपुढे करून आम्हाला जे साधलं नव्हतं, ते त्या एका हातानं साधलं.

दुपारी डबे उघडले. चिनी बाईंनी मिरचीचा ठेचा चमचाभर तोंडात टाकला आणि त्या दोन्ही हातांनी तोंडाला वारा घालू लागल्या.

आईनं त्यांना पाण्याचा ग्लास दिला आणि विचारलं, "मिळेल का हो युरोपचं सर्टिफिकेट?"

"मिळेल. कधी, ते विचारू नका."

"तुमची आई बसली आहे का त्या विमानात?"

"बसली. म्हणाली, चहा पाणचट होता."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. म्हणजे विमानाबद्दल तक्रार नाही, हा अर्थ तिनं बरोबर लावला होता.

सीट्सची ऑर्डर अजून आलेली नाही. नाही म्हणूनही कोणी कळवलेलं नाही. मात्र परवा हँगरवाल्यांचा फोन आला. दुसऱ्याच एका विमानाची चाचणी आहे, तुमच्या त्या लेडीज येतील का? मी फोन आईकडे दिला. तिनं वेळ विचारली, पार्किंगचं विचारलं आणि मग एकच अट घातली. या वेळी दाराबाहेर ती फुगवलेली घसरगुंडी पाहिजे.