निंबा मास्टरची निळी नळी

निंबा मास्टरने भगवानशी बोलणं टाकलं त्याला वर्ष होत आलं होतं, पण भगवानला त्याचा पत्ताच नव्हता. निंबा मुळात कमी बोलणारा. त्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खडखडाटात उभं आयुष्य गेल्यामुळे कानांनी अधू. कुणी काही विचारलं आणि त्याने उत्तर दिलं नाही, तर ऐकू गेलं नसेल असंच लोक समजायचे. अबोला धरावा आणि तो कुणाच्या लक्षातही येऊ नये, याचा निंबाला भगवानवरच्या रागाहूनही जास्त राग यायचा.

अमळनेरकडचं गाव सोडून तो सुरतेत आला तेव्हा मिसरूड फुटायचं होतं. आधी लूमवर कारागीर, मग मास्टर, म्हणजे बंद पडलेला लूम पुन्हा चालू करून देणारा माणूस. आता काम सुटलं होतं. सुरतेतच नवागाममध्ये घर होतं, मुलगा चेतन मार्केटमध्ये कामाला जात होता, पण कानात लूम चालूच होते. शांत बसावं म्हटलं तरी ते थांबत नसत. एकदा साडीच्या एका दुकानाने जागा बदलली आणि तिथली पलंगाएवढी काचेची टाकी टाकून दिली. निंबाने ती टेम्पोतून घरी आणली, भंगारातल्या लूमचे अँगल जोडून तिला घोडा केला आणि पुढच्या खोलीत मांडली. त्यात मासे सोडले. मासे तोंड उघडत, मिटत, आवाज काही करत नसत. त्यांच्यासमोर बसलं की कानातले लूम हळूहळू लांब गेल्यासारखे वाटायचे. बायको सरलाबाई म्हणायची, या माणसाला आता घरात नाही, टाकीत जेवायला वाढावं लागेल.

भगवान त्याचा चुलतभाऊ. त्याच गल्लीच्या टोकाला राहायचा, साड्यांना लेस लावायचं काम घ्यायचा. निंबाची टाकी पाहून त्यानेही टाकी घेतली, लहान, पण तिच्यात डोक्यावर टेंगूळ असलेला लालभडक फ्लॉवरहॉर्न आणून सोडला. "हाऊ मासा घरमां उना आनि काम वाढी गयं," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मासा लक्ष्मी घेऊन येतो, अशी त्याची पक्की समजूत. मागच्या श्रावणात भगवानच्या घरी कानबाई देवी बसली होती. ती उठल्यावर तो पिशवीत पाणी घालून पॅरट माशांची जोडी घेऊन निंबाकडे आला. "तुन्हा टाकीमां शोभतीन," म्हणाला. निंबाला भरून आलं. त्याने पिशवी लगेच टाकीत रिकामी केली.

आठवडा जायच्या आत पॅरटच्या अंगावर साखर भुरभुरावी तसे पांढरे ठिपके आले. मग टाकीतल्या छोट्या शार्क माशांवर आले, मग सगळ्यांवर. मासे दगडांना अंग घासायचे, तळाशी पडून धापा टाकायचे. निंबा रोज सकाळी जाळीने मेलेले मासे काढायचा. शेवटी एकटा काळ्या उरला, त्याचा जुना ऑस्कर मासा. तोही कोपऱ्यात तोंड करून उभा राहायचा. भगवान एकदा येऊन पाहून गेला आणि गल्लीत म्हणाला, "लूम आनि मासा एक नही ऱ्हातस. निंबाभाऊले जमाव नही ते." लोक हसले. निंबाही हसला. आपलंच काही चुकलं असेल, असं त्याला खरंच वाटलं होतं.

पण दिवाळीच्या भाजीबाजारात भगवानची बायको रंजना सरलाबाईला भेटली. रंजनाच्या पोटात काही राहत नसे. "आक्का, राग मानू नका. त्या मासासले आधीच ठिपका व्हतात. हे म्हनेत, फेकी देवापेक्षा निंबाभाऊले दी टाकूत, आपली टाकी तरी वाची." सरलाबाईने घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं आणि सांगितल्याबद्दल लगेच पस्तावली.  निंबाने टाकीची काच पुसायला घेतली आणि बराच वेळ एकाच जागी पुसत राहिला.

येत्या श्रावणात कानबाई निंबाच्या घरी बसणार होती. खानदेशातली कुळं जिथे जातील तिथे कानबाई नेतात. श्रावणातल्या रविवारी देवी बसते आणि सगळे भाऊबंद एका घरात जमतात. निंबाने मनाशी ठरवलं, त्या दिवशी टाकी काठोकाठ माशांनी भरलेली असेल, पाणी असं असेल की पाणी आहे की नाही ते कळू नये. भाऊबंद टाकीपुढे गोळा होतील, वाहवा करतील, आणि मग तो सगळ्यांदेखत सांगेल, आधीचे मासे कुणी मारले ते. हे वाक्य त्याने मनात इतक्या वेळा म्हटलं की त्याची घडी पडली.

पण नवीन मासा आणला की त्याच्या अंगावर ठिपके यायचे. काळ्या टबातल्या मिठाच्या पाण्यात जगला होता, पण रोग टाकीच्या पाण्यात राहिला होता. पाणी बदललं, दगड उकळले, तरी तेच. शेवटी तो शहराच्या उधना भागात माशांच्या एका मोठ्या दुकानात गेला. दुकानदार गुजराती, सावकाश बोलणारा म्हातारा. त्याने विचारलं, "पाणी लीलुं थाय छे के माछली बीमार थाय छे?" पाणी हिरवं होतं की मासे आजारी पडतात, हा प्रश्न निंबाला आवडला. डॉक्टरने नाडी धरावी तसा.

दुकानदाराने यूव्ही स्टरिलायझर, म्हणजे अतिनील उजेडाने पाण्यातले जंतू मारणारे दिवे, दाखवले. एक होता नुसता दिवा, टाकीच्या आत सोडायचा. निंबाने तो परत ठेवला. तो प्रकाश डोळ्यांना वाईट, माशांच्या आणि माणसांच्याही. दुसऱ्याला बंद नळा होता. नळ्यात क्वार्ट्झच्या काचेची नळी, नळीत दिवा, आणि पाणी त्या काचेच्या बाहेरून वाहत जायचं. वाहताना त्यातले रोगाचे किडे उजेडाने मरायचे. बाहेर फक्त एक लहानशी खिडकी, तिच्यातून निळा उजेड दिसे, दिवा चालू आहे एवढं कळण्यापुरता. टाकीच्या आकाराला लागेल त्याहून एक नंबर मोठा घ्या, दुकानदार म्हणाला, सुरतेचं बोअरचं पाणी जड, काचेवर क्षार चढतो, उजेड अडतो, म्हणून काच काढून पुसता येईल असाच घ्या. आणि दिवा जळतो म्हणजे काम करतो असं समजू नका, वर्षभराने बदला. निंबाने सगळं ऐकलं. "पाणी धीमे चलावजो, काका," हेही ऐकलं. पण ते त्याला पटलं नाही.

ज्याने जन्मभर मीटरवर मजुरी घेतली, त्याला हळू चालणारं मशीन म्हणजे बिघडलेलं मशीन. लूम धावला तर कापड निघतं. पाणी धावलं तर किडे भराभर मरतील, यात त्याला शंका नव्हती. त्याने दुकानातला सगळ्यात जोराचा पंप घेतला.

बसवलं मात्र बिनचूक. फिल्टरच्या पुढे नळा उभा लावला, म्हणजे गाळलेलंच पाणी आत जाईल आणि हवा अडकणार नाही. वायरला खाली झोळ दिला, पाणी ओघळलं तरी प्लगपर्यंत जाऊ नये म्हणून. अर्थिंग तपासलं. आधी पाणी चालू केलं, थेंब कुठे गळत नाही हे बोटांनी पाहिलं, मगच दिवा लावला. खिडकीत निळा उजेड उमटला. निंबा पुटपुटला, "आते ये, भगवान."

मासे तरीही मेले. नवीन आणलेल्या टिनफॉइल माशांच्या अंगावर ठिपके आले आणि ते एकेक करून गेले. निंबा चिडला. त्याने पंप आणखी मोठा करायचा घाट घातला. टाकीतलं पाणी नदीसारखं फिरत होतं, काळ्याला एका जागी उभं राहता येत नव्हतं.

सरलाबाई चुलीशी होती. घरात गॅस होता, पण भाकरीसाठी मागच्या ओट्यावर तिने चूल ठेवली होती. तिने तिथूनच ओरडून विचारलं, "चेतनना बाप, तुमी लूम चालाडी ऱ्हायनात का मासा पाळी ऱ्हायनात?"

"तुले काय कळस त्यामां?"

"माले भाकर कळस. तवावर टाकताच उचली लिधी ते ती शेकाई जाई का? पानीले त्या दिवाजवळ उभं तरी ऱ्हाऊ द्या!"

निंबा हातात पान्हा घेऊन तसाच उभा राहिला. मग त्याने मोठा पंप काढला आणि फिल्टरचा जुना, लहान पंप नळ्याला जोडला. पाणी सावकाश वाहू लागलं. दिवसभर तो टाकीसमोर बसून राहिला. हळू चाललेलं मशीन पाहणं त्याला फार जड गेलं.

पण पाणी निवळलं. पुढच्या माशांवर ठिपका आला नाही. उन्हाळ्याअखेर टाकीत शार्क होते, पॅरट होते, टिनफॉइलचा चंदेरी थवा होता आणि मधून काळ्या मालकासारखा फिरत होता. निंबा दर थोड्या दिवसांनी वीज बंद करून क्वार्ट्झची नळी काढायचा आणि लिंबू लावून तिच्यावरचा पांढरा थर पुसायचा. पुसताना ओठ हलायचे. ते ओठ काय म्हणताहेत हे सरलाबाईला माहीत होतं. तिने एकदा सांगून पाहिलं, "सोडी द्या आते. मासा तं उनात ना परत." निंबाला ते ऐकू गेलं. पण ऐकू न गेल्याचा फायदा त्याने पहिल्यांदाच घेतला.

कानबाईचा रविवार आला. रोटाचे गहू दळून झाले होते. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ-मूठ गहू घ्यायचे, त्यांच्या पिठाचे जाड पोळीसारखे रोट करायचे आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, अशी रीत. सरलाबाईने गहू काढताना भगवानची मूठ घेतली तेव्हा निंबा शेजारीच होता. त्याने हरकत घेतली नाही. भगवान पंगतीला त्याला हवाच होता.

दुपारपासून माणसं येऊ लागली. बायकांची गाणी सुरू झाली. भाऊबंदांतले सर्वांत वयस्क धुडकू आबा खुर्ची ओढून टाकीपुढेच बसले. "आरे निंबा, हाऊ तं समुद्र शे!" ते म्हणाले. निंबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो दाराकडे पाहत राहिला.

भगवान आला तो धावतच. दोन्ही हातांत बादली, मागे रंजना. बादलीत लालभडक फ्लॉवरहॉर्न आडवा पडला होता, कल्ले जोरजोरात हलत होते, टेंगळावर, पंखांवर सगळीकडे पांढरे ठिपके. "निंबाभाऊ," भगवान म्हणाला, "बाकीना सगळा मरी ग्यात. हाऊ एकच ऱ्हायना. तुन्हा टाकीमां ठेव. तुन्हाकडे मशीन शे ना."

गाणी थांबली नव्हती, पण पुढच्या खोलीतले सगळे बादलीकडे वळले. निंबाने बादलीत वाकून पाहिलं. त्याला काय करायचं ते माहीत होतं. मागच्या ओट्याखाली मोठा टब पालथा पडला होता. कोमट पाणी, खडा मीठ, हवेची नळी, आणि पाणी रोज थोडं थोडं बदलत जायचं. मागचा सगळा हिवाळा काळ्याला त्याने तसंच जगवलं होतं. सरलाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, आणि टबाकडे जायला वळलीसुद्धा होती.

"मशीन पानीमां जे ऱ्हास ते मारस," निंबा म्हणाला. "आंगवरलं नही मारस. टाकीमां हाऊ मासा जावाव नही."

हे खरं होतं. दुकानदाराने हेच सांगितलं असतं. पण टबाचं नावही निंबाने काढलं नाही, आणि सरलाबाईचं पाऊल दारातच अडलं.

"आरे, काही दवा तं व्हई?" धुडकू आबांनी विचारलं.

निंबाने वर्षभर घोकलेलं वाक्य वेगळंच होतं. पण तोंडातून जे निघालं ते त्याहून चांगलं होतं. "भगवानले इचारा, आबा. आजारी मासासनं काय करानं, ते त्यालेच चांगलं माहीत शे."

भगवानने मान वर केली. त्याने निंबाकडे पाहिलं, मग रंजनाकडे. रंजनाने पदर तोंडाशी नेला. खोलीत एकाने दुसऱ्याला काहीतरी विचारलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि रंजनाने ते आणखीही कुणाकुणाला सांगितलेलं असल्यामुळे आबांना सगळं कळायला फार वेळ लागला नाही. भगवानने बादली उचलली आणि बाहेर पुढच्या ओट्यावर ठेवली. तिच्याजवळ उकिडवा बसला. लोकही एकेक करून बाहेर गेले आणि त्याच्याभोवती उभे राहिले. टाकीपुढची खुर्ची रिकामी झाली. निळ्या खिडकीकडे कुणीच पाहत नव्हतं.

आरतीच्या आधी मासा मेला. भगवानने त्याच्यावर पाणी शिंपडून पाहिलं, मग बादलीवर फडकं टाकलं.

पंगत बसली. रोट ज्याच्या नावाने केला त्याने तो खायचाच, ताटात टाकून उठायचं नाही. म्हणून भगवानही आत आला आणि आपल्या जागी, निंबाच्या शेजारी बसला. सरलाबाईने सगळ्यांना तूप वाढलं. नवऱ्याच्या ताटापाशी ती थांबली, तूप वाढलं, पण नेहमीसारखं विचारलं नाही की अजून देऊ का.

भगवानने एक घास मोडला आणि हातातच धरून ठेवला. खाली पाहत, निंबाला ऐकू जाईल की नाही अशा आवाजात त्याने विचारलं, "निंबाभाऊ, काही इलाज व्हता का रे?"

निंबाला नीट ऐकू गेलं. कानातले लूमही त्या वेळी बंद होते.

"व्हता," तो म्हणाला. पंगतीच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने.

भगवानने घास तोंडात घातला. मग दुसरा. निंबा स्वतःचं जेवण थांबवून त्याच्याकडे पाहत राहिला, भगवानच्या ताटातला रोट संपेपर्यंत.