पॅलेटच्या लाकडाचं विमान

भावाला बंगळूरला मुलगी झाली आणि बारसं तिथेच करायचं ठरलं. मी आत्या, म्हणजे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. आणि आजीशिवाय कसला पाळणा? भावाने आम्हा मायलेकींची विमानाची तिकिटं काढली, तर आईने जाहीर केलं की ती एसटीने येणार. तिचे गुडघे कुरुळीहून चिंचवडला माझ्या घरी येईपर्यंत बोलायला लागतात. एसटीने ती साताऱ्याच्या पुढे गेली नसती.

"मरणाची भीती न्हाई गं मला," ती म्हणाली. "पर त्या विमानाला आधार कशाचा हाय? आदांतरी लटकत जायाचं मला न्हाई पटत."

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला, म्हणजे माल तपासणीला आहे. समोरच्याला शंका आली की वाद घालायचा नाही, नमुना दाखवायचा, ही आमची रीत. म्हटलं, आईलाही नमुनाच दाखवू.

ज्या लाकडी चौकटींवर, म्हणजे पॅलेटवर, आमच्याकडे माल येतो त्या मोडल्या की स्टोअरमागे ढीग पडतो. साहेबांची सही घेऊन चार फळ्या उचलल्या. गेटवर वॉचमनकाकांनी विचारलं, "मॅडम, गेटपासवर काय लिहू?"

"विमान करायचंय," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फळ्यांकडे पाहिलं आणि शांतपणे 'जळण' असं लिहिलं.

कंपनीची बस कुरुळीवरूनच जाते. आठवडाभर शिफ्ट सुटली की मी आईकडे उतरायचे आणि अंगणात वडिलांची जुनी करवत घेऊन बसायचे. दोन्ही पंख मापाने सारखे केले. मग फेविकॉल लावून वर सहा स्क्रू आवळले. आमच्याकडे जोड जराही हलला की माल परत जातो, त्यामुळे हात आपोआप आवळत जातो. आई उंबऱ्यात लसूण सोलत बघत होती. "एवढं ध्यान भाकरी थापताना दिलं आसतंस, तर सासूनं नावं ठिवली नसती," म्हणाली. मी पुढचा स्क्रू आवळला.

पांढरा रंग वाळला तशी मी विमान ओट्यावर ठेवलं आणि ऐटीत म्हणाले, "बघ, हलतंय का कुठे?"

आई पुढे आली. बाजारात वांगं घेताना दाबून बघते, तसा तिने पंखावर अंगठा दाबला. पंख काडकन मोडला.

"घ्या," ती म्हणाली. "आन् ह्यात बसू म्हणतीस?"

मला इतका राग आला की मी चप्पल घालून तडक निघाले. चिंचवडला पोचेपर्यंत रागाचं रडू झालं होतं. मोडक्या खेळण्याचं मला काही नव्हतं. पाळण्याची दोरी धरायला माझी आई तिथे नसणार, हे मला सोसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेले तर ओट्यावर विमान उभं! आईने उरलेल्या फळ्यांतली लांबीने सरळ रेषा गेलेली एक पट्टी निवडली होती, विळ्याने तासून पातळ केली होती आणि सुतळीने विमानाच्या पाठीवर बांधली होती. एकच लांब पंख, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आडव्या रेशाचं लाकूड घेतलंस, वर जीव जाईस्तोवर आवळलंस," ती म्हणाली. "बैलगाडीच्या दांड्या खड्ड्यात लवत्यात, म्हणून टिकत्यात. ताठ ऱ्हायलं की मोडलं." तिने अंगठा दाबला. पंख लवला आणि पुन्हा जागेवर आला. मग तिने विचारलं, "खऱ्या विमानाचा पंख बी लवतो का गं?"

मला ठाऊक नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ शोधला. ढगांत शिरलेल्या विमानाचा पंख चांगला वरखाली होत होता. बघून मीच मोबाइल लांब धरला. आई मात्र चष्मा चढवून तीनदा बघत राहिली.

"व्हय की," ती म्हणाली. "करणाऱ्याला अक्कल हाय. येती मी."

आम्हाला नेमक्या पंखाजवळच्या जागा मिळाल्या. आई खिडकीत, मांडीवर बाळंतविड्याची पिशवी. मीही विमानात पहिल्यांदाच बसत होते. नमुने दाखवण्याच्या भरात ते विसरूनच गेले होते. अर्ध्या वाटेत विमानाला एकदम हिसका बसला, पंख थडथडला आणि मी डोळे गच्च मिटून खुर्चीचा हात आवळला.

माझ्या मुठीवर आईचा अंगठा टेकला. वांगं बघावं तसं तिने दाबून पाहिलं.

"एवढं आवळू नगं," ती म्हणाली. "सैल सोड. बारशाला पोचायचं हाय आपल्याला."