पुसलेलं माळ्यावर जात नाही

मच्छे गावच्या औद्योगिक वसाहतीत मंगल चौगुले नेमकं काय काम करते, हे तिच्या खानापूरकडच्या माहेरात कुणाला धड सांगता येत नाही. आई सांगते, 'कॉम्प्युटरला समज देते.' आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच आहे. तिची कंपनी फौंड्र्यांची, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांची, ड्रॉइंगं सांभाळते. तिथे एक एआय मदतनीस आहे. त्याला तोंडी सांगायचं, की तो ड्रॉइंग शोधतो, पाठवतो, नाव बदलतो, पुसतो. ही त्याची एकोणीस साधनं. कुठल्या साधनानं काय होतं, हे मंगलनं लिहायचं आणि त्यानं तेवढ्यावरच चालायचं. पदरच्या अकलेची अपेक्षा त्याच्याकडून धरू नये.

मार्चमध्ये नको ते झालं. मारुतीराव सुतार चाळीस वर्षं ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने, करतात. त्यांच्या कागदांना वाळवी लागली, म्हणून तीनशे ड्रॉइंगं कंपनीकडे ठेवलेली. मदतनीसानं विचारलं, वापरात नसलेली सात काढू का? मारुतीराव 'काढ की' म्हणाले आणि चहा प्यायला गेले. त्यांच्या दुकानात काढलेला पॅटर्न फळीवरून माळ्यावर जातो. दहा वर्षांनी गिऱ्हाईक आलं, की शिडी लावायची, धूळ झटकायची, झालं काम. आठवड्यानं पंपाचं ड्रॉइंग हवं म्हणून ते आले, तर सातही गेलेली, साठवणीतल्या प्रतींसकट.

कंपनीचा मालक आशिष म्हणाला, त्यांनीच तर होकार दिला! मंगलनं साधनाची माहिती उघडली. 'नको असलेली ड्रॉइंगं काढते.' बस्स, एवढंच. तिनंच घाईघाईत लिहिलेलं. लाजेनं तिचे कान तापले, पण बाई तोंड लपवणारी नव्हे.

"सर, चूक मारुतीअण्णांची न्हाय, माझी हाय," ती सरळ म्हणाली.

मग पदर खोचून बसली. खोटी ड्रॉइंगं तयार केली आणि एकोणीसच्या एकोणीस साधनं स्वतः चालवून पाहिली. ड्रॉइंग पहिल्यासारखं परत आणता येतं का, एवढंच बघायचं होतं. सतरा ठिकाणी आलं. दोन ठिकाणी काही केल्या आलं नाही. त्या दोन साधनांपुढे तिनं लिहिलं: 'हे कायमचं पुसतं. प्रतही जाते. परत आणायची कुठलीही सोय नाही. आधी एकेका ड्रॉइंगचं नाव वाचून दाखव, परत येणार नाही हे सांग आणि माणूस स्पष्ट हो म्हणेपर्यंत थांब. काढ, आवर, हलव याला होकार समजू नकोस.'

आशिषनं कपाळाला आठ्या घातल्या. गिऱ्हाइकं घाबरतील, मदतनीस मंद वाटेल, दोन ओळींत आटप म्हणाला. माणूस वाईट नव्हे, पण धंदा करायचा म्हणजे सगळं गोड गोड लागतं. मंगल हटली नाही. सतरा ठिकाणी सुसाट पळू दे, पण या दोन ठिकाणी तो अडलाच पाहिजे, नाहीतर हे काम दुसऱ्याला द्या, म्हणाली. आशिष कुरकुरला, पण तिनं लिहिलेलं त्यानं तसंच राहू दिलं.

सोमवारी मारुतीराव उरलेली ड्रॉइंगं परत न्यायला आले. रागावलेच होते, आणि का रागावू नये? मंगलनं त्यांना खुर्ची दिली. चाचणीसाठी त्यांच्या ड्रॉइंगांची एक प्रत तिनं वेगळी लावली होती. जुनं सगळं आवर, असं मदतनीसाला सांगून बघा म्हणाली. मारुतीरावांनी नाखुशीनं सांगितलं.

मदतनीस थांबला. एकेक नाव वाचायला लागला. ही पुसली तर कायमची जातील, माझ्याकडून परत आणता येणार नाहीत, म्हणाला. पुसू का, म्हणून विचारलं.

"न्हाय," मारुतीराव म्हणाले. "एकबी न्हाय."

ड्रॉइंगं न्यायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मग हळूच विचारलं, "आणि माझी ती सात, गं?"

मंगलला फार वाईट वाटलं, पण खोटा दिलासा तिनं दिला नाही. "ती गेली, अण्णा. येणार न्हाईत."

"मग ती सात गेली, तेबी लिही त्याच्यात. माझ्या नावानं लिही. पुसायच्या आधी दरवेळी वाचू दे त्याला."

मंगलनं कीबोर्ड पुढे ओढला. मारुतीराव त्या सातांतल्या एकेका ड्रॉइंगचं नाव मापांसकट सांगत गेले, आणि ती टाइप करत गेली.