मंजुषाबाईंची पाण्याची पंगत

मंजुषाबाई आमच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहायला आल्या तेव्हा टेम्पोतून भांडी थोडी आणि पुस्तकांची पोतीच जास्त उतरली. बाई अंबाजोगाईकडच्या. नवरा चाकणला कंपनीत, त्याची शिफ्ट सारखी बदलती, त्यामुळे नवराबायकोची भेट बहुतेक दारातच होते. बाई गावच्या शाळेत तिसरीला शिकवतात.

गाव आमचं निघोज्याच्या अलीकडं. जिथं आम्ही कांदा काढायचो तिथं माझ्या लेकानं, रोहिदासनं, खोल्या बांधल्या. आता लातूर, बीड, परभणी, सगळा मुलूख आमच्या अंगणात दात घासतो. टाकी एकच, म्हणून रोहिदासनं नियम घातला. सकाळी आधी घरचं पाणी, मग कॉक फिरवून खोल्यांना सोडायचं, आणि जरा वेळानं बंद. कॉकवर माझा नातू गणराज. "वेळ संपली, बंद करतो," असं ओरडतो की वाटावं धरणावरचा साहेबच आहे.

पोरगं तोच नियम दप्तरात घालून शाळेत घेऊन गेलं. बाईंच्याच वर्गात आहे तो.

पुढचं मला पिंकीनं सांगितलं. ती आमच्या भाडेकरूची पोर, गणराजच्याच वर्गातली. मधल्या सुट्टीत हा शाळेच्या नळावर उभा राहिला आणि म्हणाला, "आधी गाववाले. खोलीवाल्यांनी थांबायचं." पिंकीची बाटली अर्धी भरली होती, तेवढ्यात नळ बंद. सकाळी ह्याच पोरांनी हात पुढं करून प्रतिज्ञा म्हटलेली, तीही एका सुरात.

बाई नळापाशी आल्या. ओरडल्या नाहीत.

"काय करायलास रे गणराज? गाव कुणाचं?"

"आमचं."

"मग ही लेकरं कोण?"

"बाहेरची."

"म्हणजे पाहुणे झाले. जत्रेच्या पंगतीत तुझे पप्पा कधी जेवतात?"

बाप सगळ्या पाहुण्यांना वाढून, उष्ट्या पत्रावळी उचलून मग बसतो, हे गणराजनं बघितलेलं. "शेवटी," असं पुटपुटला.

"मग यजमान, लागा वाढायला."

त्या दिवशी गावातल्या पोरांनी सगळ्यांच्या बाटल्या भरल्या आणि मग स्वतः पाणी प्यायले. पुढच्या आठवड्यात खोल्यांतली पोरं यजमान. पिंकी अशी ऐटीत वाढत होती म्हणे, की गणराजला तिनं दोनदा आग्रह केला.

हे गणराजनं जेवताना कौतुकानं सांगितलं आणि रोहिदासचा घास हातातच राहिला. तो शाळेच्या समितीवर. तसाच उठून कोपऱ्यातल्या खोलीवर गेला. मी मागोमाग, कारण ह्याचा राग बापावर गेलाय आणि बापाचा मी जन्मभर बघितला होता.

"बाई, माझ्या पोराला पाणक्या केला व्हय तुमी?"

"यजमान केलाय, दादा."

"गोड बोलू नका. भाडेकरूंच्या पोरांच्या बाटल्या त्यानं भरायच्या? हे बंद करा, न्हाईतर महिनाअखेर खोली खाली करा."

बाईंचे हात पिठात होते. "खोली तुमची आहे. म्हणाल तेव्हा सोडते. पण वर्गात काय शिकवायचं, ते भाड्यात धरलेलं नाही."

मी म्हटलं, "चल, भाकरी गार होतीय."

बाई दुसरी खोली शोधायला लागल्या. पण गावातल्या सगळ्या खोल्या आमच्याच भावकीच्या. रोहिदासनं काढलेल्या भाडेकरूला चुलतभाऊ कसा ठेवणार? शहरातली, वाकडची भाडी ऐकून बाईंचा नवरा आधी हसला आणि मग नुसताच बसून राहिला. पुस्तकं पुन्हा पोत्यांत गेली. बाटल्या मात्र शाळेत तशाच भरल्या जात होत्या.

मग तो रविवार आला. रोहिदास उशिरा उठला, तोवर गणराजनं खोल्यांना पाणी सोडलेलं. बायका रांगेत, सगळ्यात मागं मंजुषाबाई. तेवढ्यात न्हाणीतून हाक आली, "गण्या, कॉक फिरव. हितं थेंब न्हाई."

"पिंकीच्या आईचं भरलं न्हाई अजून."

"मी काय म्हणतोय?"

"पप्पा, आपण यजमान ना?"

रोहिदास टॉवेल गुंडाळून बाहेर आला. डोक्यापासून पायापर्यंत साबण. बायकांनी माना खाली घातल्या, पण खांदे हलत होते. मी तर उघडच हसले. गणराज घाबरलेला, तरी कॉकवरचा हात त्यानं काढला नाही. बाप बघत राहिला. डोळ्यांत साबण गेला असेल, नाहीतर आणखी काही.

पिंकीच्या आईनं आपली भरलेली बादली पुढं सरकवली. "दादा, आधी डोळे धुवा. आमचं भरंल नंतर."

रोहिदासनं तिथंच अंगणात तोंड धुतलं. मग टॉवेल सावरत बाईंकडं न बघता म्हणाला, "बाई, पोती सोडा."

"का हो?"

"तुमी गेल्यावर ह्याला आवरणार कोण? तुमीच बिघडवलाय, आता तुमीच निस्तरा."

"निस्तरते की," बाई म्हणाल्या आणि हंडा नळाखाली लावला.

गेल्या महिन्यात दुसरी टाकी आली. रोहिदास सांगतो, जुनी गळत होती. मी कुठं गळताना बघितली नाही. गणराज आणि पिंकी अजून भांडतातच. हल्लीचं भांडण असं, की ह्या आठवड्याचं यजमानपण कुणाचं. तक्रार माझ्याकडं आली की मी म्हणते, "मला नका विचारू. जा, बाईंचं दार वाजवा."