लेकाच्या सासरवाडीचा फेटा

माझा लेक बिनलग्नाचा गेला, असं तामलवाडीत अजून कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. आता म्हातारी झाले, दात गेले, पण जीभ शाबूत आहे. समोरच्याला तिथल्या तिथं गप करते. तरी एकदा सगळं लिहूनच ठेवावं म्हटलं. अक्षरं मी साठीला शिकले. शिकवणाऱ्या बाई 'आहे' लिहायला लावायच्या, म्हणून 'आहे' लिहिते. तोंडात अजून 'हाय'च येतं.

तेव्हा आमच्यावर निजामाचं राज्य. गावापुढं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. नाक्याच्या अलीकडं आमची मोगलाई, पलीकडं सोलापूरच्या बाजूला इंग्रजांचा मुलूख. लांब कुठंतरी मोठी लढाई चालली होती म्हणे. आम्हाला ती कळायची कापडावरून, कारण कापड रेशनवर गेलं होतं आणि धडकं लुगडं डोळ्याला दिसत नव्हतं. घरात माणसं तीनच. मी, आमचे मालक म्हणजे माझा नवरा, आणि एकुलता एक लेक. मालकांचं बोलणं मोजकं. माझं मात्र वेशीपर्यंत ऐकू जायचं.

लेक विशीत तुळजापूरला गेला. देवळाच्या वाटेवर एका दोस्ताबरोबर त्यानं कवड्यांच्या माळांचं दुकान टाकलं. दोघं माळा ओवायचे, यात्रेकरूंना विकायचे आणि दुकानाच्या माडीवर राहायचे. दोस्ताला ना आई, ना बाप. सुरुवातीला मला बरंच वाटलं, पोरगं कामाला लागलं म्हणून. मग मी पोरी बघायला लागले. पहिली धाराशिवची, कचेरीतल्या कारकुनाची लेक. नको म्हणाला. दुसरी आमच्याच तालुक्यातली. तीही नको. तिसरी धाराशिवपलीकडच्या वाशीची, नाकीडोळी नीटस. तिच्या घरी तर मी त्याला न विचारता सुपारी फोडून आले. तो आला, अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "आये, त्या पोरीचं वाटोळं करू नगंस."

झालं. सोयरीक मोडली, चारचौघांत आमची शोभा झाली. त्या दिवशी मी पोटच्या पोराला काय काय बोलले ते लिहायला आज हात धजत नाही. पुढं तो घरी आला की मान खाली घालून जेवायचा आणि आला तसा जायचा. माझ्या मनानं घेतलं, त्या दोस्तानंच काहीतरी करणी केली आहे.

दुकान टाकल्याला अशी सात वर्षं झाली. एका वर्षी दसऱ्याच्या आधी लेकाला मुदतीचा ताप आला. दोस्तानं त्याला बैलगाडीत घालून घरी आणलं. लेकाचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं होतं. मी ते डोकं उचलून माझ्याकडं घेतलं आणि म्हटलं, "आता तू जा. लेक आमचा हाय, आमी बघू."

"आई, मला ओसरीवर पडू द्या. काय बी काम सांगा, करतो."

"उंबऱ्याला पाय लागला तर तंगडं मोडीन तुझं."

लेक तापात होता, पण ऐकत होता. त्यानं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर पाणी मागण्यापलीकडं तो माझ्याशी बोलला नाही. बाराव्या दिवशी गेला. दोस्त मातीला आला, लांब बाभळीपाशी उभा राहिला. कुणी त्याला पुढं बोलावलं नाही. मीही नाही.

सुतकात बाई घराबाहेर पडत नाही, पण आठव्या दिवशी मी पडले. लेकाचं सामान आणायचं होतं आणि खरं सांगायचं तर त्या दोस्ताची खरडपट्टी काढायची होती. मालकांनी गाडी जुंपली. तुळजापूरला ते खाली बैलांपाशी थांबले आणि मी माडी चढले.

दोस्त उघड्या फरशीवर बसला होता. दाढी वाढलेली, कपाळ मोकळं. अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेलं. चुलीत गार राख. आमच्या घरी जसं होतं, अगदी तसंच इथंही होतं.

"हे काय मांडलंस?" मी विचारलं.

"सुतक पाळतोय."

"तुला कुणी सांगितलं पाळायला?"

"कोन सांगणार मला, आई? आन् म्या कुणाला इचारू?"

"तू माझ्या लेकाचा कोण, ते आधी सांग!"

तो उठून उभा राहिला. माझ्या डोळ्यांत बघून बोलला, ते मला त्या वेळी लई झोंबलं. "नवरा-बायको जसं ऱ्हातेत, तसं आमी ऱ्हात हुतो. सात वर्सं. म्या त्याला फसवलं न्हाय आन् त्यानं मला फसवलं न्हाय. दर बारीला घराकडं निघाला की म्हणायचा, आज आयेला सांगतो. आन् न सांगताच माघारी यायचा."

मी हात उगारला. खोटं कशाला बोलू, उगारलाच. तो जागचा हलला नाही. तेवढ्यात शेजारची एक म्हातारी, देवीची आराधीण, भाकरी घेऊन वर आली. सुतकात ह्याच्या पोटाला तीच बघत होती. गळ्यात कवड्यांची माळ, तोंडाचं बोळकं. मी कोण ते तिनं ओळखलं आणि माझ्या उगारलेल्या हाताकडं न बघताच म्हणाली, "बाई, तुमचा ल्योक लई ग्वाड गायचा वो. माळ ओवता ओवता असा गायचा की पार चौकापतुर ऐकू जायचं. आमी वरडायचो, बास कर की रं बाबा! आता बोळ कसा खायला उठतोय."

"कोण? माझा लेक गायचा?"

"मंग? आमच्या बोळात दुसरं कोन गातंय?"

माझा हात खाली आला. माझ्या घरातला मुका, मान खाली घालून भाकरी मोडणारा पोरगा इथं गात होता! मी दोस्ताला विचारलं, "काय गायचा रे?"

"तुमच्याच ओव्या, आई. तुमी जात्यावर म्हणता त्या. मला समद्या पाठ हायत."

मी तिथं फरशीवर बसले आणि गळा काढून रडले. लेक गेला तेव्हाही अशी रडले नव्हते. तेव्हा वाटायचं, बिचारं दुःखी पोरगं दुःखातच गेलं. आता कळत होतं की माझा लेक सुखात होता, पोट भरून सुखात होता, फक्त माझ्या दारात आला की त्याचं तोंड बंद व्हायचं. ते मी बंद केलं होतं. ह्या पोरानं त्याला गायला लावलं आणि मी ह्याला बारा दिवस उंबऱ्याबाहेर ठेवलं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. आयुष्यात हे शब्द मी कुणाला म्हटले नव्हते, नवऱ्याला तर नाहीच. "तेराव्याला ये. फेटा घेऊन ये."

आमच्याकडं तेराव्याला दुखवटा येतो. सोयरे नवं कापड आणतात, घरच्या पुरुषाच्या बोडक्या डोक्यावर फेटा बांधतात, तेव्हा कुठं सुतक उतरतं. पहिला मान मयताच्या सासरवाडीचा. मयत बिनलग्नाचा असला तर तो मान मामाकडं जातो.

"कोन म्हणून आणू, आई?"

"सासरवाडी म्हणून आण. माझ्या लेकाची सासरवाडी तूच. तुला मागं-पुढं कोण हाय दुसरं?"

"तुमची अब्रू जाईल."

"माझी अब्रू माझी मी बघते. तू फेट्याचं बघ."

येताना मालक बैलांशीच काय ते बोलले. दुसऱ्या दिवशी मळ्यात मी त्यांना सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि वैरण टाकायला उठून गेले. हो नाही, ना नाही. मालकांचे थोरले भाऊ, माझे दीर, त्यांच्या कानावर मात्र गेलं. त्यांनी ओसरीवरून सगळ्यांना ऐकवलं, त्या पोराचा फेटा ह्या घरात चढला तर भावकीतलं एक माणूस पानावर बसणार नाही. माझा जीव टांगणीला लागला. मी किती तोंड चालवलं तरी फेटा माझ्या डोक्यावर चढणार नव्हता. डोकं मालकांचं. ते वाकले तरच माझ्या लेकाचा संसार खरा ठरणार होता.

तिकडं त्या पोरानं सोलापूर पालथं घातलं तेव्हा त्याला कापड मिळालं. येताना नाक्यावर शिपायानं गठुडं सोडायला लावलं. "किसके वास्ते ले जा रा?" ह्यानं सांगितलं, "दुखवटेका हय, साब. मेरे सोयरेका घर हय." शिपायानं कापडाची घडी पहिल्यासारखी घालून दिली आणि म्हणाला, "जा बेटा." 'माझ्या सोयऱ्याचं घर' असं त्या पोरानं पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं ते त्या नाक्यावर. हे त्यानं मला मागाहून सांगितलं.

तेराव्याला अंगण माणसांनी भरलं. मालक पाटावर, डोकं बोडकं. दीर म्हणाले, "सासरवाडी न्हाय. मामा, उठा." माझा भाऊ उठला. तेवढ्यात अंगणाच्या दारात तो पोरगा ताट घेऊन उभा राहिला, ताटात पांढराशुभ्र फेटा.

मी डोक्यावरचा पदर सावरला आणि पुरुषांच्या बैठकीत बाहेर आले. "थांब दादा. सासरवाडी दारात उबी हाय."

दीर माझ्याशी बोलले नाहीत, मालकांवर ओरडले. "बायकूला आत घाल तुझ्या! पोरगं बिनलग्नाचं गेलं, आन् ही सासरवाडी कुठनं काढती?"

"बिनलग्नाचं न्हाय गेलं," मी म्हटलं. "ह्ये माझ्या लेकाचं माणूस हाय. सात वर्सं दोघांनी एका चुलीवर संसार केला. मला कळायला उशीर झाला, ती चूक माझी."

"लाज वाटत न्हाय?" कुणीतरी मागून म्हणालं.

"वाटती की! तापात माझा लेक ह्याच्यासाठी तळमळला आन् म्या दार लावलं, त्याची लाज वाटती. दुसऱ्या कशाची न्हाय. आता ज्याला उठून जायचं त्यानं खुशाल जावं. पुरणपोळ्या उरल्या तर म्या गुरांना घालीन, पर पयला फेटा ह्याचाच!"

सगळ्यांची तोंडं मालकांकडं वळली. माझीही. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. मला वाटलं, आत चालले. संपलं सगळं. पण ते दाराकडं गेले. तो पोरगा आत यायची वाट त्यांनी बघितली नाही. आपण होऊन उंबऱ्यापाशी गेले आणि त्याच्यापुढं डोकं वाकवलं.

"बांध बाबा," ते म्हणाले. "घट्ट बांध."

पोरगा बांधू लागला. पहिला पीळ सुटला, दुसरा कानावर आला. मालक हलले नाहीत. फेटा वाकडातिकडा, पण बसला. दीर आणि त्यांच्यामागं चौघं-पाचजण पायताणं वाजवत निघून गेले. बाकीची माणसं एकमेकांकडं बघत बसून राहिली, आणि जी बसली ती बसलीच.

मग माझा भाऊ आपला फेटा घेऊन पुढं झाला. मालकांपुढं तो पोरगा अजून तसाच अवघडून उभा होता. भावानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला, "सोयरं, जरा सरा की. माझा बी बांधू द्या."

ते 'सोयरं' ऐकलं आणि तेरा दिवस कोरड्या डोळ्यांनी राहिलेला तो पोरगा माझ्या दारात, भर माणसांत, ओक्साबोक्शी रडला. आणि कुणीही त्याला, तू कोण रडणारा, असं विचारलं नाही.