नागम्माचा टाका

बेंबळीच्या नागम्माचं पोट पोती शिवण्यावर चालायचं. निजामाच्या राज्यात लढाईपायी सुतळी मिळेनाशी झाली, तेव्हा तिनं घरातल्या बाजेचा अंबाडीचा दोर उकलला आणि जुनं पोतं घट्ट आवळून शिवलं. आडते माणिकप्पा भरलेलं पोतं गाडीवरून खाली टाकून पारखत. फुटलं, की शिवणारीचं काम कायमचं बंद.

पोतं आदळलं. शिवण शाबूत राहिली, पण तिच्या घट्ट ताणानं शेजारचं जीर्ण तरट फाटत गेलं.

“मालक, माझा टाका तुटला न्हाय.”

“मग जवारी टाक्यातच ठिव की, नागम्मा,” माणिकप्पा म्हणाले. गाडीवान हसला.

नागम्मानं धुळीतली जवारी भरली. फाटलं तिथं या वेळी सैल टाके घातले.

“आणिक एकदा टाकून बघा.”

“काम बंद म्हंजी बंद,” म्हणत माणिकप्पांनी पोतं गाडीवर चढवून घेतलं आणि गाडी हाकायला सांगितली.